बोरव्ह्याचा पाठमोरा निरोप

बोरव्हा स्टेशनात आता गाडी येत नाही. रूळ कधीच उचलून नेले, तिकीटखिडकीत घोरपड राहते. तरी गावात पाहुणे आले की ऐंशी पार केलेले उकंडराव त्यांना आधी तिथेच नेतात आणि बजावतात, ‘‘जातानी हात हालवू नका बरं.’’ मग त्यामागची गोष्ट सांगतात.

तेव्हाची छोटी गाडी बैलगाडीशीही शर्यत हरायची म्हणे. ती दिसली की शेतातल्या बाया काम टाकून पदर उडवायच्या, आणि ड्रायव्हर शिटी देऊन रामराम घ्यायचा. रोजचाच खेळ तो.

स्टेशनाआधी नाल्यावर रेल्वेचा पूल होता; त्याच्या पलीकडे, गाडी यायची त्या बाजूला, भागरथाबाईचे शेत होते. बाई विधवा, लेक एकुलती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोकर्णा दुपारच्या गाडीने माहेरी यायची होती. त्या सकाळी बाईने शेताचा धुरा, म्हणजे बांधावरचे गवत, पेटवला. उन्हाळ्यात सगळेच पेटवतात. पण पुरण शिजवायच्या घाईत ती जाळ विझेपर्यंत थांबली नाही. दुपारी येऊन बघते तर वाळल्या गवतातून आग पुलावर गेलेली. लाकडी स्लीपर जळून कोळसा, रूळ नुसते अधांतरी.

तेवढ्यात वळणावर गाडीचा धूर दिसला. बाई रुळांमधून गाडीकडे धावत सुटली, पदर फडकावू लागली. ड्रायव्हरने शिटी दिली. तिने हंबरडा फोडला, त्याने आणखी एक दिली. आजूबाजूच्या बायाही हौसेने पदर उडवू लागल्या. आज हात हलवून काही उपयोग नव्हता.

मग ती वळली आणि गाडीकडे पाठ करून रुळांमध्ये बसली. मागे पाहिले असते तर पायांनी दगा दिला असता, असे सांगतात. रूळ थरथरत होते. ब्रेक किंचाळले. पाठीला गरम वाफ लागली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

‘‘काहून व बाई, मराले माहीच गाडी भेटली काय?’’ ड्रायव्हर ओरडत उतरला.

‘‘पूल जळाला, बाप्पा. म्याच जाळला. माही पोरगी हाये गाडीत.’’

ती अजूनही वळली नव्हती. गोकर्णाने धावत येऊन मागूनच मिठी मारली, तेव्हा तिला रडू फुटले.

आजही बोरव्ह्यातून कुणी निघाले की मागे राहणारा हात हलवत नाही; पाठ करून जमिनीवर बसतो. असे केले की गेलेले माणूस सुखरूप परत येते म्हणे. आजोळी राहिलेला गोकर्णाचा लेक म्हणजे हे उकंडराव. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसायला वेळ लागतो. तोवर पाहुण्यांची जीप थांबून राहते.