बिबट्याचा अलंकार ओळखा

फार पूर्वी एका जंगलात बिबट्या दिसला की वानरं झाडावरून ओरडायची आणि खालची हरणं पळायची. मग म्हाताऱ्या वानरांनी शाळा काढली. इशारा अलंकारातच द्यायचा. साधं ओरडेल त्याचं नाव कट.

एका सकाळी छोट्या मिरीला गवतात बिबट्या दिसला. ती म्हणाली, "गुरुजी, गवत जणू श्वास घेतंय. बिबट्या आलाय."

"'जणू' आलं. उत्प्रेक्षा," गुरुजी खूश झाले.

"डोंबलाची उत्प्रेक्षा. गवत श्वास घेतंय, म्हणजे चेतनगुणोक्ती," दुसरा म्हातारा खेकसला.

"अहो, हरणांना सांगू का आधी?"

"गप बस. आधी उत्तर ठरू दे."

तेवढ्यात खाली किंकाळी उठली. पाडसाची आई हंबरडा फोडत झाडाखाली आली. आता मात्र दोघा म्हाताऱ्यांचं लगेच एकमत झालं: करुण रस.