रंगाऱ्याच्या लेकीचं ऊन

नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहायचा. त्याला नवसासायासानं झालेली एकच लेक. रंगारीच तो, लेकीचं नावसुद्धा रंगाच्या मुळीवरून ठेवलं, मंजिष्ठा. हाक मात्र मंजी!

मंजीवर बापाचा भारी जीव. तिला तो उन्हात पाऊल टाकू देत नसे. "ऊन म्हणजे रंगाचा चोर! रंगवलेलं लुगडं मी सावलीत वाळवतो, आणि माझी सोन्यासारखी पोर उन्हात टाकू होय?" असं म्हणत तो तिला छपराखाली बसवून ठेवायचा.

खाण्यापिण्याची मात्र चंगळ. कोंबडीनं अंडं घालायची खोटी, ते मंजीच्या ताटात. नदीची मासळी, म्हशीचं दूध, वर लोणकढं तूप. तरी पोरीच्या पायांत बळ म्हणून येईना. चार पावलं चालली की गुडघे दुखत. पुढं पुढं तर पाय वाकडे पडू लागले. बाप हबकला, त्यानं मटणाच्या नळ्यांचा रस्साही सुरू केला.

बायको म्हणाली, "अहो, पोर आहे की पखाल? किती ओताल?" पण तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. पोर जन्माची अधू झाली तर?

अंगणात मुली फुगड्या घालायच्या आणि मंजी छपराखालून नुसत्या टाळ्या वाजवायची.

एके सकाळी रंगारी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड वाळूवर पसरत होता. मंजीनं छपराखालून विचारलं, "आबा, ह्याला कसं उन्हात टाकलं?"

"कोरं आहे गं ते. हिरड्याचं पाणी प्यायलंय, आता ऊन खाल्लं की ते आत मुरेल. नाहीतर पुढं रंग धरत नाही."

"मग मी कोरी की रंगवलेली?"

रंगाऱ्याच्या हातातलं कापड हातातच राहिलं. पोरीला काय काय खाऊ घातलं, पण ऊन? ते तर दिलंच नव्हतं!

"अरे देवा, मी कसला रंगारी!" म्हणत त्यानं मंजीला उचललं आणि कापडाशेजारी वाळूवर बसवलं.

मग रोजचंच झालं. कापडासोबत मंजीही उन्हात. चटका बसू लागला की बाप तिला सावलीत न्यायचा आणि पुढ्यात अंडं-दूध ठेवायचा. गुण काही लगेच आला नाही. बाप रोज तिच्या पोटऱ्या चाचपायचा आणि उसासा टाकायचा. पण हिवाळा सरला, उन्हाळा गेला आणि मंजी घरभर धावू लागली.

गौरीच्या सणाला तिनं बापालाच फुगडीला ओढलं. त्याला भोवळ आली, तरी पोर सोडेना! माहेरपणाला आलेली त्याची बहीण दारातूनच ओरडली, "अगं बाई! दादा, पोरीचा रंग की रे उतरला!"

धापा टाकत रंगारी हसला. "उतरला नाही गं, आता कुठं चढलाय!"

तात्पर्य: लेकराच्या ताटात तूप वाढावं, तसं अंगावर थोडं ऊनही वाढावं. नुसत्या मायेच्या सावलीत हाडं पिकत नाहीत.