धुळीचा मान

एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं गाव होतं. डोंगरातून दगड काढायचा आणि त्याची जाती, पाटे, वरवंटे घडवायचे, हेच तिथलं काम. छिन्नीवर हातोडा पडला की धुरळा उडायचा आणि संध्याकाळपर्यंत माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरी व्हायची.

मुकादमाची एक रीत होती. काम सुटताना तो खाणीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि जो सगळ्यांत पांढरा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "शाबास! आज खरा राबलास." त्यामुळे खालीच ओढा वाहत असूनही कुणी तिथे हातपाय धूत नसे. सगळे तसेच मिरवत घरी जात.

ही थाप बहुतेक वेळा एकाच पाथरवटाला मिळे. तो घरी आला की त्याची चार वर्षांची लेक गळ्यात पडायची, त्याच्या मिशांवरची धूळ फुंकून उडवायची आणि दोघंही पांढरे होऊन हसत बसायचे.

एका वर्षी पाऊस सरला आणि लेकीला खोकला लागला. आधी पहाटे, मग जेवताना, मग खेळतानाही. आईनं हळदीचं दूध दिलं, ओव्याचा शेक दिला, दृष्टही काढली. खोकला हलेना.

शेजारीण म्हणाली, "अगं, पोरं खोकायचीच. तुला तर पान हललं तरी वादळ दिसतं."

असेलही, असं आईला वाटलं. मागे एकदा लेकीच्या जिभेवरचा जांभळाचा रंग बघून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. पण पोरीची छाती रात्रंदिवस वाजत होती, ती काही जांभळानं वाजत नव्हती. शेवटी तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि शेजारच्या गावच्या वैद्यबुवांकडे निघाली. फार तर काय, हसतील.

वैद्यबुवा हसले नाहीत. त्यांनी पोरीच्या पाठीला कान लावला आणि विचारलं, "ही खाणीवर जाते?"

"छे हो, एवढीशी पोर!"

"मग धूळच हिच्याकडे येते. कोण आणतं?"

आईची नजर आपल्या पदराकडे गेली. सकाळी नवऱ्याचे कपडे झटकले होते, ती धूळ त्यावर अजून दिसत होती.

"वेळ गेलेली नाही," वैद्यबुवा म्हणाले. "दगड ओला करून घडवायचा, नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि अंग, कपडे धुऊन मगच घरात यायचं. औषध देतो, पण धूळ येत राहिली तर ते पाण्यात गेलं समज. आणि नवऱ्यालाही तपासायला घेऊन ये."

संध्याकाळी ती दारातच उभी राहिली. "अहो, आधी ओढ्यावर जाऊन या." वैद्यबुवांनी सांगितलेलं सगळं तिनं एका दमात सांगितलं.

पाथरवट भडकला. "माझ्याच घरात मला मज्जाव? धुतलेला दिसलो तर मुकादम म्हणेल, दिवसभर झोपा काढल्या. माझे आजोबा असेच घरी यायचे!"

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

त्याचा जन्म व्हायच्या आधीच आजोबा खोकून खोकून गेले होते.

तेवढ्यात आतून लेक धावत आली. "बाबा!" मधेच तिला उबळ आली, ती वाकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुढेच पसरलेले. सवयीनं त्याचेही हात पुढे झाले.

मग तो एक पाऊल मागे सरला. "थांब बाळा. येऊ नकोस."

असं तो तिला कधीच म्हणाला नव्हता. पोरीनं भोकाड पसरलं. ते ऐकत ऐकतच तो ओढ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तोंडाला फडकं बांधलं, शेजारी पाण्याची घागर ठेवली. "काय हो नवरीबाई, घुंगट कुणासाठी?" बाजूचा पाथरवट ओरडला आणि सगळी खाण हसली.

संध्याकाळी तो ओढ्यावर धुऊन, स्वच्छ होऊन मुकादमासमोर आला.

"काय रे, आज सुट्टी घेतलीस?"

"अंग काय बघता, मुकादम? जातं बघा."

मुकादमानं जात्यावरून हात फिरवला, उलटसुलट पाहिलं. खोट काढता येईना, म्हणून नुसता "हं" म्हणाला. थाप काही मिळाली नाही. त्यानंतरही कधी मिळाली नाही.

आठवड्यानं तोच टवाळ पाथरवट हळूच जवळ आला. "माझा धाकटाही खोकतोय रे. ते फडकं किती ओलं करायचं?" पुढे ओढ्यावर धुवायला जागा पुरेना.

होळीपर्यंत लेकीचा खोकला थांबला. पाथरवटाला तपासून मात्र वैद्यबुवा म्हणाले, "इतकी वर्षं आत बसलेली धूळ निघायची नाही. जपलंस तर वाढणार नाही, एवढंच."

आता चढावर त्याला मधेच थांबावं लागतं. लेक पुढे पळते, वळून ओरडते, "बाबा, दमलात?"

"दमलो गं," तो म्हणतो. "तू पळ."

तात्पर्य काय, तर कष्टाचा मान कामात असतो, अंगावरून घरी आणलेल्या धुळीत नाही. आणि मनात शंका आली की लोक हसले तरी वेळीच विचारून घ्यावं.