दहाचा पाना

“ही लिव्हर कुणी ढिली केली?”

रणधीर सरनोबतनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं दस्तगीर वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली.

“मी केली.”

“पण का?”

वस्तादांनी मिशा पुसल्या.

आजऱ्याकडून आंबोलीला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथली ही गोष्ट. अकरा वर्षं झाली, दर उन्हाळ्याच्या शेवटी सात मोटारसायकली या शेडसमोरून निघायच्या आणि थेट हिमालयात, स्पितीला जाऊन यायच्या. नेणारे आणणारे वस्ताद. यंदा त्यांची बहात्तरी झाली, गुडघे बोलायला लागले. यंदा दुसऱ्या कुणीतरी न्यायचं होतं.

ते आपणच, हे रणधीरनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. पाना.

वस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात दहाचा, म्हणजे दहा मापाच्या नटाचा, एक पाना असायचा. जबडा झिजलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. रोज सकाळी निघायच्या वेळी वस्ताद तो पाना गाडीच्या लोखंडावर तीनदा वाजवायचे. टण, टण, टण. तो आवाज आल्याशिवाय कुणी गिअर टाकायचा नाही. बाकीच्या चार गडीमाणसांनी रणधीरला तोंडावर सांगितलं होतं, “वस्तादांचा पाना ज्याच्याकडं, त्याचं आम्ही ऐकणार. नाहीतर उद्या आम्ही घरी.”

तो पाना मागायला रणधीर काल संध्याकाळीच येऊन राहिला होता. सकाळी उठून बघतो, तर गाडीच्या क्लचची लिव्हर हँडलवर मागंपुढं फिरतेय.

“वस्ताद, काहीतरी बोला की.”

वस्ताद उठले. शेडच्या तोंडाशी त्यांची स्वतःची गाडी स्टँडवर उभी होती. चाळीस वर्षांची, रंग कुठला ते विचारू नये अशी. वस्तादांनी तिच्या सीटवर हात ठेवला आणि ढकलून दिली.

धाडकन पडली.

रणधीर दचकला. कोपऱ्यात चौगुलेबाई आपल्या गाडीचं कॅरिअर खोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, बघितलं, आणि परत नटाला पाना लावला.

“बाई, जरा हात लावता?”

बाई आल्या. दोघांनी मिळून गाडी उभी केली. क्लचची लिव्हर जमिनीवर आपटून वर फिरली होती. वस्तादांनी तळहातानं दाबून ती परत जाग्यावर आणली. किक मारली. गाडी चालू.

“बघितलंस?”

“बघितलं,” रणधीर म्हणाला. “पण वस्ताद, तुमची गाडी पडते. माझी पडत नाही.”

वस्तादांनी गाडी बंद केली.

“आणि राग नका मानू. तुमची गाडी जुनी, चढाला धापा टाकते, म्हणून तुम्ही आपले सगळ्यांच्या मागनं सावकाश यायचात. अकरा वर्षं पुढं मी असतो. पुढच्याला सगळं टाईट लागतं.”

हे बोलून त्यानं आपला टॉर्कचा पाना काढला. पुस्तकात लिहिलाय तेवढा जोर झाला की ‘टक्’ असा आवाज देणारा. लिव्हरचा नट आवळला. टक्. खात्रीसाठी परत एकदा. टक्.

माणूस हुशार होता, खोटं कशाला बोला. कोल्हापूरजवळ त्याचं स्वतःचं वर्कशॉप. गाडीच्या दोन्ही अंगाला ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्या त्यानंच आखलेल्या, त्यानंच वाकवलेल्या. पाणी जात नाही, धूळ जात नाही, मुंगीला आत जायचं तर अर्ज करावा लागेल. अंगात जाकीट असं, की खांद्याला, कोपराला, पाठीला कासवाची पाठ शिवलेली. गुडघ्यापर्यंत बूट. मे महिन्याच्या उन्हात उभ्या उभ्या शिजत होता, पण जाकिटाची चेन उघडेल तर शपथ.

आणि एक कागद. प्लास्टिकमध्ये बंद केलेला. कुठल्या दिवशी किती वाजता निघायचं, कुठं किती मिनिटं थांबायचं, सगळं त्यात. पहिल्या ओळीला, ‘सकाळी पाच चाळीसला निघणे.’ शेवटच्या ओळीला, ‘वीस मिनिटांपेक्षा मागे पडणाऱ्याने आपले आपण बघावे.’

चौगुलेबाई याच ओळीत गळाल्या होत्या.

बाई गडहिंग्लजच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. वय एकसष्ट. पाच वर्षं स्पितीला येत होत्या आणि पाचही वर्षं हळूच चालवत होत्या. आडवं पाणी आलं की उतरायच्या, काठीनं खोली बघायच्या, मग गाडी घालायच्या. चार दिवसांपूर्वी रणधीरनं मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांदेखत लिहिलं, ‘यंदा बाईंनी विश्रंती घ्यावी,’ घाईत काना खाऊन. बाईंनी ‘बरं’ एवढंच लिहिलं. आणि आज, वस्तादांनी करून दिलेलं लोखंडी कॅरिअर काढून परत द्यायला आल्या.

“रणधीर,” वस्ताद म्हणाले.

“काय?”

“वढ्यापर्यंत जाऊन ये.”

“आत्ता? सगळ्या सामानासकट?”

“उद्या काय सामान हितं ठिवून जाणार हाईस?”

रणधीर हसला. शेडच्या मागं जांभ्या दगडाचा उतार होता, पावलागणिक उंचसखल, खाली कोरडा ओढा. त्याला वाटलं, आली परीक्षा. ही झाली की पाना आपला.

“पाच मिनिटांत येतो.”

“आम्ही चालत येतो मागनं,” वस्ताद म्हणाले. “बाई, चला. पाय मोकळे करू.”

“तुमचे गुडघे?”

“ते हाईतच.”

रणधीर गेला. झकास गेला, फूटरेस्टवर उभा राहून, गुडघ्यात टाकी धरून. पहिलं वळण, दुसरं वळण. दुसऱ्या वळणानंतर शेड दिसेनाशी झाली, झाडं आडवी आली. तिथं त्यानं गती वाढवली. कोण बघतंय म्हणून नव्हे. सवय.

ओढ्याच्या अलीकडं पुढचं चाक एका सुट्या दगडावर चढलं, दगड फिरला, आणि अडीचशे किलोची गाडी डाव्या अंगावर गेली.

कट्.

हा आवाज हाडाचा की लिव्हरचा, हे काही क्षण त्याला कळेना.

लिव्हरचा होता. मुळातनं तुटून समोर पडली होती. पण डावा बूट पेटीखाली गेला होता, आणि पेटी त्याच्या स्वतःच्या हातची, त्यामुळं दबायचं काही नाव घेत नव्हती. पाय हलेना. टाकीच्या झाकणातनं पेट्रोल गळत होतं. थेंब, थेंब, त्याच्या मांडीपासून हातभर लांब.

“वस्ताद!”

काही नाही.

“बाई!”

एक टिटवी ओरडून गेली.

रणधीरनं घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा. पेटीला लाथ मारली. जोर करून बघितलं. परत घड्याळ. नऊ चौदा. इंजिन तापलेलं, वास नाकात बसलेला. अकरा वर्षांत त्यानं मागं वळून किती वेळा बघितलं होतं, हे आठवायचा तो प्रयत्न करत होता. आठवेना. आठवायला काही नव्हतंच.

नऊ वीस.

नऊ पंचवीस.

... 

नऊ बत्तीसला वरनं काठीचा आवाज आला. टक, टक, दगडावर. एवढा हळू आवाज जन्मात कुणाला इतका गोड लागला नसेल.

चौगुलेबाई आधी पोचल्या. त्यांनी बसून बुटाकडं बघितलं.

“बोटं हलव. हलतात?”

“हलतात.”

“मग ओरडतोस कशाला? वस्ताद, मागनं धरा. मी हँडल धरते. तू नुसता पाय ओढ, बाकी शहाणपणा नको.”

पाय निघाला. बुटानं वाचवला, हे बुटाचे उपकार. गाडी उभी केली. पेट्रोल थांबलं. रणधीर दगडावर बसला, आणि त्यानं जाकिटाची चेन खाली केली.

“दुसरी लिव्हर आणलीस न्हवं?” वस्तादांनी विचारलं.

“आणलीय. दोन आणल्यात.”

“कुठं हाईत?”

रणधीरनं डाव्या पेटीकडं बोट केलं.

पेटी दबली नव्हती, पण आपटून झाकण कुलपासकट असं घट्ट बसलं होतं, की किल्ली फिरेना. मुंगीला बंदी होती, ती आता मालकालाही लागू झाली. बाईंनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. हसल्या नाहीत. ते हसण्यापेक्षा जड गेलं.

“मी पहार आणते,” म्हणाल्या, आणि चढ चढायला लागल्या.

हळूहळू.

वस्ताद त्याच्या शेजारी बसले.

“वस्ताद, तुम्हाला यायला बावीस मिनिटं लागली.”

“लागली असतील. माझ्याकडं घड्याळ न्हाई.”

...

बाई पहार घेऊन आल्या. पेटी उचकटली. नवी लिव्हर निघाली. वस्तादांनी खिशातला पाना काढून रणधीरच्या हातात दिला.

“लाव.”

रणधीरनं लिव्हर बसवली. नट फिरवला. थांबला. तळहातानं दाबून बघितलं, लिव्हर जरा हलली. अजून पाव फेरा. परत दाबलं. हातानं चालवताना हलणार नाही, पण दगडावर आपटली तर फिरेल, इतपत ठेवली. टॉर्कचा पाना खिशात होता, त्याला हात लावला नाही.

मग दहाचा पाना मुठीत धरून तो वस्तादांकडं वळला. चेहरा उजळलेला.

“समजलं वस्ताद. लिव्हर ढिली ठेवायची.”

वस्तादांनी त्याच्या मुठीतनं पाना काढून घेतला. सदऱ्याच्या खिशात टाकला.

“लिव्हर तर मी सकाळीच ढिली केलेली,” म्हणाले, आणि चढाला लागले.

रणधीर तिथंच उभा.

पुढं वस्ताद. त्यांच्या पुढं बाई, खांद्यावर पहार. दोघं दहा पावलं चालायचे, थांबायचे, परत दहा पावलं. त्यांना ओलांडून वर जायला गाडीला अर्धं मिनिट पुरलं असतं. रणधीरनं गाडी चालू केली. पहिला गिअर टाकला. आणि त्या दोघांच्या मागं मागं, क्लच दाबत, पाय टेकत, सबंध चढ चढला. अशी गाडी चालवणं किती अवघड असतं ते ज्यानं चालवली त्यालाच माहीत. वर येईपर्यंत घामानं निथळला.

शेडमध्ये बाई परत आपल्या कॅरिअरपाशी बसल्या. तीन नट निघाले होते, एक राहिला होता.

“बाई.”

“हं.”

“तो नट काढू नका.”

बाईंचा हात थांबला.

“ते मी ग्रुपवर लिहिलं होतं... ते चुकलं माझं. पुसून टाकतो.”

“पुसू नको. सगळ्यांनी वाचलंय. चुकलं म्हणून खाली लिही.”

रणधीरनं फोन काढला. उभ्या उभ्या लिहिलं. बाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, एका ठिकाणी थांबल्या.

“विश्रांतीतला ‘श्रां’ या वेळी बरोबर लिहिलास.”

“उद्या येताय ना?”

“पाच चाळीसला मला जमायचं नाही. गुडघ्याला तेल लावायचं असतं, चहा असतो.”

“सहाला निघू.”

“सव्वासहा.”

रणधीरनं तोंड उघडलं. मिटलं.

“सव्वासहा,” तो म्हणाला. आणि खिशातला तो प्लास्टिकमधला कागद काढून त्यानं कॅरिअरखाली घातला, निघालेले नट घरंगळू नयेत म्हणून. मग खाली बसून एकेक नट परत लावायला घेतला.

वस्ताद बाकड्यावर टेकून हे सगळं बघत होते. चहा कधीच गार झाला होता. त्यांनी खिशात हात घातला, पाना काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“हे घे.”

रणधीरनं हात पुढं करून घेतला. अकरा वर्षं ज्याचा आवाज ऐकला ती वस्तू एवढी हलकी आहे हे मघाशी नट आवळताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रबर अजून वस्तादांच्या हातानं गरम होतं.

“वस्ताद... म्हणजे उद्या मी पुढं?”

वस्तादांनी गार चहाची बशी तोंडाला लावली, सावकाश संपवली.

“पुढच्याला पाना कशाला लागतोय?”