कोंभळवाडीची चाचणी

कोंभळवाडी पूर्वेच्या डोंगराला अशी काही चिकटून बसलीय, की तिथला कोंबडासुद्धा अंदाजानंच आरवतो. सूर्य डोंगर चढून येईपर्यंत प्राथमिक शाळेची प्रार्थना, हजेरी आणि निम्मे पाढे उरकलेले असतात.

राज्यभरातल्या शाळांच्या चाचणीत एक प्रश्न आला : 'आधी काय होते? सूर्य उगवतो की शाळा भरते?' कोंभळवाडीत भांगरेबाईंच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी छातीठोक लिहिलं, 'शाळा भरते.'

झालं! निकाल तपासायला तालुक्याचे शिक्षणाधिकारी ढमढेरेसाहेब मफलर गुंडाळून, कुडकुडत, ऐन प्रार्थनेत येऊन थडकले.

"सगळ्यांची एकच चूक? ही उघड कॉपी आहे, बाई! वर्गाचा निकाल रद्द आणि तुम्ही निलंबित!"

 साहेबांचे दात असे कडकड वाजत होते, की निलंबनाचं ऐकूनही बाईंना हसू आवरेना.

"साहेब, शाळा भरलीय ना?"

"दिसतंय की!"

"आणि सूर्य?"

साहेबांनी वर पाहिलं. डोंगर जागेवर होता. सूर्याचा पत्ता नव्हता.

"अहो, तालुक्यात केव्हाच उगवलाय तो!"

"तिकडे उगवला असेल, साहेब. इथं अजून गैरहजर आहे. कारवाई करायचीच, तर उशिरा येणाऱ्यावर करा. माझी पोरं वेळेवर हजर आहेत!"

पोरं खिदळली. साहेबांनी मुकाट्यानं निकाल मंजूर केला आणि ऊन येईपर्यंत शाळेच्या खिचडीच्या चुलीपाशी हात शेकत बसले.

सूर्यावरची कारवाई मात्र, म्हणे, अजून वरिष्ठांच्या विचाराधीन आहे.