पाकिटावरचे अण्णा

सोलापुरात महानंदाकाकींच्या बचत गटाची शेंगाचटणी एकदा चाखलीत ना, की भाकरी कधी संपली ते कळतच नाही बघा. वॉर्डाच्या समाजमंदिरात बारा जणी मिळून ती कुटायच्या, आणि समाजमंदिराची किल्ली असायची नगरसेवक प्रभूअण्णांकडे.

एक दिवस अण्णा स्वतःच्या फोटोंचा गठ्ठाच घेऊन हजर. "काकी, उद्यापासून प्रत्येक पाकिटावर मी पाहिजे. नाहीतर कुलूप."

बायकांचे हात उखळातच थांबले. बारा उखळं मांडायला दुसरीकडे जागा देतंय कोण? पण काकींनी एका पाकिटावर अण्णांचा फोटो वरपासून खालपर्यंत झकास चिकटवला आणि पाकीट त्यांच्याच हातात दिलं.

"बोहणी तुमच्या हातची, अण्णा. फोडा, चव घ्या."

अण्णांनी पाकिटाचं टोक दातात धरलं आणि तसेच राहिले. एक हिसका, की स्वतःचंच नाक दुभंगणार.

"काय झालं? गिऱ्हाईक तर रोज असंच फोडतं," काकी म्हणाल्या. "मग कचऱ्यात टाकतं."

अण्णांनी पाकीट हळूच खाली ठेवलं. "मग फोटो लावायचा कुठं?"

"दारावर लावू की, चांगला मोठा. खाली लिहू, ही जागा अण्णांनी बचत गटाला कायमची दिली."

अण्णा असले खूश, की पाटी स्वतःच रंगवून आणली. आता कुलूप लावायचं तर आधी त्या ओळीसकट तो फोटो उतरवावा लागेल, आणि ते काही त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. दर सोमवारी ते फोटो बघायला येतात, आणि काकी प्रेमानं त्यांच्या हातात चटणीचं बिनफोटोचं पाकीट ठेवतात.