हुकूम कधी काढावा

फार फार पूर्वी घडलेली ही गोष्ट. पोरांनी ऐकावी, आणि पोरांच्या आजोबांनीही ऐकावी.

डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात दोन गावं होती आणि दोन्हींच्या मध्ये एकच कुरण होतं. उन्हाळ्यात सारे डोंगर करपून जात, पण या कुरणात गवत टिकून राही. त्यावरून इतकी डोकी फुटली की शेवटी राणीने दोन्ही गावांच्या पाटलांना बोलावून घेतलं.

"काठ्या घरी ठेवा," राणी म्हणाली. "दर फाल्गुनात पत्त्यांचा एक डाव मांडा. जिंकेल त्याची गुरं कुरणात. हरेल त्याने आपली गुरं नदीकाठी न्यावीत."

नदी तीन दिवसांच्या वाटेवर होती, आणि त्या वाटेवर ना सावली ना पाणी.

खेळ असा. चौघांनी बसायचं, प्रत्येकी तेरा पानं, समोरासमोरचे दोघे भिडू. एकाने किती हात करणार ते बोलायचं आणि एक रंग हुकूम म्हणून सांगायचा. बोललेले हात झाले तर डाव त्याचा, एक जरी कमी पडला तरी गेला. ज्याच्याकडे उतारीचा, म्हणजे त्या हाताच्या पहिल्या पानाचा, रंग संपला, त्याला हुकमाचं पान टाकून हात कापता येई. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला भारी. बोलणाऱ्याच्या भिडूने आपली पानं सगळ्यांसमोर उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. दोघांची पानं बोलणाराच खेळे.

वरच्या गावाकडून खेळायची सगुणा. ती टोपल्या विणायची, आणि तिची बोटं पानांवरही तशीच झरझर चालत. तिचा भिडू धोंडबा, गावचा म्हातारा गुराखी. खेळ तिला त्यानेच शिकवला होता.

दोन वर्षांपूर्वी सगुणाने घाई केली होती. हातात एक्के होते, राजे होते, म्हणून तिने ते धडाधड टाकायला सुरुवात केली. समोरच्या गावच्या भिडूंकडे हुकमाची पानं शिल्लक आहेत, याचा तिला विसर पडला. तिच्या राजावर हुकमाची तिर्री पडली आणि एका हाताने डाव गेला. त्या उन्हाळ्यात नदीच्या वाटेवर गावाची अकरा वासरं दगावली. सगुणाने त्यांतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारलेली होती.

"आधी हुकूम काढायचे, सगुणे," धोंडबा तेव्हा म्हणाला होता. "आपले हुकूम उतरत समोरच्यांचे संपवायचे, त्यांचे दात पाडायचे, मग आपलं खेळायचं."

पुढच्या वर्षी तिने तसंच केलं आणि डाव जिंकला. तेव्हापासून सारं गाव एकच बोलू लागलं. आधी हुकूम काढ!

तिसऱ्या वर्षी पानं वाटली गेली. सगुणाने आपली पानं पाहिली आणि ठणकावून सांगितलं, "दहा हात. हुकूम इस्पिक."

समोरच्या गावच्या बायजाक्काने किलवर उतरली. धोंडब्याने आपली पानं उघडी मांडली. मागे उभे असलेले लोक कुजबुजले, "काढ हुकूम. काढ आधी."

सगुणाचा हात पुढे गेला आणि थांबला.

"काय गं," बायजाक्का हसली. "पानं मोजतेस की टोपलीच्या काड्या?"

"पानंच मोजतेय, अक्का. जरा दम धरा."

हुकमाच्या एक्क्यापासून दश्शीपर्यंत पाचही पानं तिच्याकडे होती. ते पाच हात. बदामाचा एक्का, सहा. धोंडब्याकडे किलवरचे एक्का आणि राजा, आठ. चौकटीत तीन हात जाणारच होते. म्हणजे दोन कमी पडत होते. ते आणायचे कुठून?

तिच्याकडे बदामाची आणखी दोन हलकी पानं होती. धोंडब्याकडे बदाम एकच होता, आणि हुकमाची तीन पानं. नव्वी, अठ्ठी, सत्ती. बदाम एकदा फिरला की तिची हलकी पानं तो त्याच हुकमांनी कापू शकत होता. हेच ते दोन हात! पण तिने आत्ता हुकूम काढायला घेतले, तर प्रत्येक फेरीला धोंडब्याचंही एक पान जाणार होतं. समोरच्यांचे दात पाडता पाडता आपलेच पडले असते.

तिने धोंडब्याच्या पानांतून किलवरचा एक्का टाकून पहिला हात घेतला आणि मग त्याच्याकडचा एकुलता बदाम उतरला.

मागे एकच गलका झाला. "हुकूम! अगं हुकूम!" धोंडब्याने ओठ गच्च मिटून घेतले. त्याला बोलायची मुभा नव्हती, पण त्याचे कान लाल झाले होते.

सगुणाने मागे वळून पाहिलं नाही. बदामाच्या एक्क्यावर हात घेतला, एक हलका बदाम खेळून तो धोंडब्याच्या सत्तीने कापला. मग हुकमाची एकच फेरी खेळून उतारी आपल्याकडे आणली आणि दुसरा बदाम नव्वीने कापला. लोकांचा आवाज हळूहळू खाली आला. किलवरचा राजा वाजवून घेतला, पुढची किलवर आपल्या मोठ्या हुकमाने कापली.

आता कापायचं काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठे तिने हुकूम काढायला घेतले. राणी, गुलाम, दश्शी. दहा हात पुरे झाले.

बायजाक्काने उरलेली पानं खाली ठेवली. "गेल्या साली तू हुकूम आधी काढलेस, औंदा शेवटी. मग खरं कोणतं?"

"दोन्ही खरं, अक्का. गेल्या साली हुकमांना दुसरं काम नव्हतं. औंदा होतं."

धोंडबा घसा खाकरत म्हणाला, "म्हणजे पोरी, मी तुला चुकीचंच शिकवलं."

"नाही मामा. निम्मं शिकवलंत. वासरं गेली ना, तेव्हा मलाही वाटलं होतं की तेवढंच पुरे."

म्हाताऱ्याने मान हलवली, काठी उचलली आणि गुरं सोडायला गेला. संध्याकाळपर्यंत वरच्या गावची सारी गुरं कुरणात उतरली, आणि त्या उन्हाळ्यात एकही वासरू दगावलं नाही.

तात्पर्य : आपली ताकद लगेच वापरावी की राखून ठेवावी, हे सवयीने नव्हे, समोरचं काम मोजून ठरवावं.